चौदावा नमुना

छातीच्या डॉक्टरांनी दादांना सहा आठवडे दिले. ते सिगारेट सोडायला होते. पण डॉक्टरांचा चेहराच असा होता की शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने आधी भलताच अर्थ घेतला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. मग डॉक्टरांनी काचेवर लावलेल्या फोटोतला वाटाण्याएवढा डाग पेनाच्या टोकाने दाखवला. डाग काढता येण्यासारखा होता. मात्र छाती भूल सोसण्याच्या लायकीची व्हायला हवी होती, आणि त्यासाठी सहा आठवडे धूर पूर्ण बंद. त्यांनी दादांना श्वासातला धूर मोजणाऱ्या एका पांढऱ्या यंत्रात फुंकायला लावलं. यंत्राने एकोणीस आकडा दाखवला. "हा पाचाच्या खाली आणा, मग तारीख देतो," डॉक्टर म्हणाले.

दादांनी मान डोलावली, बाहेर आले आणि फाटकापाशी उभं राहून एक पेटवली.

धाकट्या भावाला इमारतीत सगळे नाकवाले म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एसेन्सच्या कारखान्यात नोकरी केली होती. बिस्किटांना अननसाची, गोळ्यांना संत्र्याची आणि खोकल्याच्या औषधाला चेरीची चव द्यायची, हे त्यांचं काम. त्या एकतीस वर्षांत कारखान्याच्या आवारात अननस एकदाच आला होता, तोही साहेबांच्या निरोप समारंभाला, आणि तो खाऊन नाकवाल्यांनी 'वरचा थर कमी आहे' असा शेरा दिला होता. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात एसेन्स हुंगायच्या कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या असत. कोणाच्या घरी चहा आला की आधी कप नाकाशी जाई, मग ओठांशी. यजमानांना ते आवडत नसे. नाकवाल्यांना ते कळत नसे.

या नाकापायीच दादा जिन्यात ओढत. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात नाकवाल्यांनी घरात नियम केला होता, की घरात धूर झाला तर दोन दिवस संत्रं आणि मोसंबं वेगळं कळत नाही, तेव्हा ओढायची ती बाहेर. दादांनी लग्न केलं नव्हतं, त्यांचं घर हेच. लेथ मशीनवरची पाळी संपवून ते येत, जेवत आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीपाशी जाऊन उभे राहत. खिडकीखाली एक गंजका डबा होता, भिंतीवर खांद्याच्या उंचीला टेकून टेकून झालेला तेलकट डाग होता. नाकवाले निवृत्त झाले तेव्हा नियमाची गरज संपली. पण तो उठवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. एकूण अडतीस वर्षं झाली.

सोडण्याचे प्रचलित उपाय झाले नाहीत असं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला चघळायचा डिंक दादांनी दोन दिवस चघळला आणि खडू खाल्ल्यासारखं वाटतं म्हणून ठेवून दिला. नाकवाल्यांनी त्यातला एक तुकडा नाकाशी धरला. पुदिन्याचा इतका हलका दर्जा माणसांना औषध म्हणून देतात हे पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटातून कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'धुराशिवाय धूर.' कल्पना साधी होती. ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची एक छोटी कागदी पुडी. त्यात तंबाखूचा अर्क, आणि चव मात्र हुबेहूब पेटलेल्या सिगारेटची. जाळणं नाही, राख नाही, छातीत काही जात नाही. ज्या माणसाने अननसाशिवाय अननस केला, त्याला जाळाशिवाय धूर जमू नये असं काही नव्हतं.

"भाऊजींना नुसतं सोडा म्हणून सांगितलं तर?" त्यांच्या बायकोने विचारलं.

नाकवाल्यांनी वहीत समास आखायला घेतला.

दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांना बातमी कशी लागली ते कळलं नाही. पण त्यांना सगळ्याच बातम्या लागत. ते वर आले, चहा घेतला आणि म्हणाले की कल्पना कोटीमोलाची आहे, तेव्हा आधी सरकारी परवानगी काढा, नाहीतर उद्या कोणीतरी चोरेल आणि परवा तुम्हालाच पकडतील. त्यांच्या मेहुण्याच्या साडूने एकदा बिनपरवाना केसांचं तेल काढलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नव्हतं, असं म्हणून त्यांनी ते पाऊण तास सांगितलं. नाकवाल्यांना कोटीशी कर्तव्य नव्हतं. पण तंबाखूचा शुद्ध अर्क विकणाऱ्या दुकानदारानेही परवान्याशिवाय बाटली द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांना कचेरी गाठावी लागली.

कचेरीत आठ दिवस गेले. चौथ्या खिडकीत तंबाखू विभाग होता. तिथल्या बाई शांत, सभ्य आणि कमालीच्या थकलेल्या होत्या. त्यांनी दिलेल्या अर्जात अकरावा रकाना होता: 'उत्पादन पूर्ण जळण्यास लागणारा वेळ, सेकंदांत.' नाकवाल्यांनी सुवाच्य अक्षरात 'जळत नाही' असं लिहिलं. बाईंनी अर्ज परत केला. जळत नसेल तर ते या खिडकीचं नव्हे, तोंडात ठेवायचं असेल तर खाद्य विभागाचं. खाद्य विभागातल्या गृहस्थांनी विचारलं, गिळतात का? नाही, थुंकतात. मग ते खाद्य नव्हे. औषध विभागाने विचारलं, याने कोणता आजार बरा होतो? नाकवाले म्हणाले, सवय जाते. सवय हा आजार यादीत नव्हता, आणि असता तरी दोनशे रुग्णांवर दोन वर्षं चाचणी लागली असती. नाकवाल्यांनी सांगितलं की रुग्ण एकच आहे आणि त्याच्याकडे साडेचार आठवडे आहेत. औषध विभागाने सहानुभूती दाखवली आणि त्यांना पुन्हा चौथ्या खिडकीकडे पाठवलं.

आठव्या दिवशी बाईंना त्यांची दया आली. आजूबाजूला पाहून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या की अकराव्या रकान्यात तीन आकडे बसतात, तुम्ही नऊशे नव्व्याण्णव लिहा, पुढे कोणी वाचत नाही. नाकवाल्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि टोपण लावलं. सरकारी कागदावर खोटा आकडा लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. अननसाची गोष्ट वेगळी होती. तिथे वेष्टणावर 'कृत्रिम' असं बारीक अक्षरात छापलेलं असे.

तेव्हा अर्क घरीच काढायचं ठरलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून सुकी पानं आली. ती नीट चिरून, भिजवून, मंद आचेवर कुकरमध्ये ठेवली, आणि नेमके त्याच वेळी विमावाले सल्ल्याची पुढची फेरी घेऊन दारात उभे राहिले. पेटंटाचा विषय निघाला. कुकरातलं पाणी आटलं. शिट्टी झाली की नाही यावर घरात अजून दोन मतं आहेत. न जळणाऱ्या तंबाखूच्या या उद्योगात सगळ्यात आधी जळाला तो बायकोचा कुकर. काळसर पिवळा धूर जिन्यातून वर गच्चीपर्यंत गेला आणि खाली पहिल्या मजल्यावर सोसायटीच्या अध्यक्षांच्या दिवाणखान्यात शिरला. अध्यक्षांना दमा होता. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'इमारतीत तंबाखूचा कारखाना चालवण्यास सक्त मनाई आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' नाव घातलं नव्हतं. पण सूचनेखाली कोणीतरी पेन्सिलीने एक मोठं नाक काढलं होतं.

नाकवाले ते पुसायला खोडरबर घेऊन गेले. पुसता पुसता सूचनेतलं 'मनाई' पुसट झालं, आणि वाचणाऱ्यांना वाटू लागलं की कारखाना चालवण्यास सक्त परवानगी आहे. याबद्दलही मग एक सूचना लागली.

सोळा दिवस गेले होते. दुसऱ्यांदा अर्क बरा निघाला. पुड्यांसाठी चहाच्या पिशवीचा पातळ कागद आणला, बायकोने तो नखाएवढ्या मापाने कापून दिला, आणि कडा इस्त्रीच्या टोकाने चिकटवल्या. बायको हे सगळं करत होती, पण त्या काळात ती नवऱ्याशी बोलत होती ती फक्त कुकरविषयी.

सतराव्या दिवशी पहिला नमुना तयार झाला. आता नाकवाल्यांच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे झालं. कारखान्यात एक नियम होता: मूळ नमुना ताजा हवा. नवा नमुना आठवणीशी ताडून पाहायचा नाही, आठवण खुशामत करते. आधी मूळ नमुना चाखायचा, साध्या पाण्याने चूळ भरायची, कोरडं बिस्किट खायचं, दहा मिनिटं थांबायचं, नवा नमुना चाखायचा, आणि खात्रीसाठी पुन्हा मूळ. हा नियम त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. तो त्यांनी इथेही मोडला नाही. इथे मूळ नमुना म्हणजे सिगारेट होती.

आणि वाऱ्याने वास विस्कटतो, म्हणून बैठक बंद खोलीत हवी. स्वयंपाकघर निवडलं गेलं. खिडकी लावली, दाराखाली ओलं फडकं सरकवलं. नाकवाल्यांनी वही उघडली, समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस, दादा. पेटव."

दादा दारात उभे राहिले. त्यांनी एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. "इथं?" त्यांनी विचारलं.

"मग कुठं? जिन्यात वारा असतो."

दादा बसले. पेटवायला त्यांना दोन काड्या लागल्या. नाकवाल्यांनी वहीत तशी नोंद केली.

दिवसाला चार बैठका ठरल्या. रोज सकाळी नवा नमुना आणि बाकीच्या तीन वेळा त्याचीच फेरतपासणी. प्रत्येक बैठकीत मूळ नमुना दीड. दादा आधी दिवसाला आठ ओढत; त्या त्यांनी प्रामाणिकपणे 'घरच्या' म्हणून वेगळ्या धरल्या. या सहा 'कामाच्या'. एकूण चौदा होतात हे बायकोने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. नाकवाल्यांनी तिला समजावलं की हे तात्पुरतं आहे, प्रयोग संपला की सगळ्याच बंद. भाऊजी आता नोकरीला लागल्यासारखे ओढतात, असं ती म्हणाली आणि इस्त्री तापवायला गेली.

दादांचं ते खरंच नोकरीसारखं झालं होतं. सकाळी साडेनऊला ते केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून स्वयंपाकघरात हजर असत. नाकवाले पट्टी हुंगत, प्रश्न विचारत, लिहीत. कसं लागतंय? आधी काय कळतं? घशात काय उरतं? जन्मात दोघे भाऊ एकमेकांशी इतकं बोलले नव्हते. प्रश्न तंबाखूबद्दल असत, पण उत्तरं कुठेही जात. दादा सांगत की दुसऱ्या पाळीत मशीन बंद झाल्यावर पहिली ओढायची तिची चव वेगळी असे, तिच्यात कापलेल्या लोखंडाचं काहीतरी असे. नाकवाले लिहीत: 'लोखंड?'

पहिला नमुना काढ्यासारखा लागला, दुसरा चपलेसारखा. तिसऱ्याच्या वेळी दादांच्या वर्णनावर विसंबणं पुरेसं नाही म्हणून नाकवाल्यांनी स्वतः पुडी ओठात ठेवली. त्यांनी आयुष्यात तंबाखूला स्पर्श केला नव्हता. चौथ्या मिनिटाला त्यांना घाम आला, पाचव्या मिनिटाला जमीन एका बाजूला कलली. ते अब्रू सांभाळत जिन्यापर्यंत पोचले, आणि नेमक्या वर येणाऱ्या अध्यक्षांसमोर, अध्यक्षांनीच जिन्यात ठेवलेल्या शोभेच्या कुंडीत ओकले. अध्यक्षांनी एकदा कुंडीकडे पाहिलं. मग ते फलकाकडे निघून गेले. नाकवाले पुढे दोन दिवस अंथरुणावर पडून, कपाळावर ओला रुमाल ठेवून, वहीतल्या नोंदी बायकोला तोंडी सांगत होते; बैठका चुकल्या नाहीत.

हळूहळू चव जवळ येत गेली. नवव्या नमुन्याला धुराचा तळ सापडला. अकराव्याला घशातला खरखरीतपणा. तेराव्याला दादांनी डोळे मिटले. पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी चौदावा झाला. त्या दिवशी दादांनी पुडी ओठात ठेवली, बसून राहिले, खिडकीच्या काचेकडे पाहत राहिले. नाकवाल्यांनी पेन टेकवून वाट पाहिली.

"थोडं कमी आहे," दादा म्हणाले.

"काय कमी आहे?"

दादांना सांगायला वेळ लागला. "जुनी छत्री असते ना," ते शेवटी म्हणाले. "ओली, मिटून ठेवलेली. ती उघडली की येतो तसं काहीतरी. ते नाही यात."

नाकवाले त्याच संध्याकाळी छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्यांनी त्याच्याकडच्या सतरा छत्र्या एकेक करून उघडल्या आणि आत डोकं घालून हुंगल्या. अठरावीला दुरुस्ती करणाऱ्याने विचारलं, घ्यायची आहे की नुसतीच भेटायला आलात. नाकवाल्यांनी ताठ मानेने सांगितलं की हे संशोधन आहे. तो म्हणाला, मग गिऱ्हाइकांच्या छत्र्या सोडून कुठेही करा. तरीही पंधराव्या नमुन्यात छत्री उतरली. दादांनी ती ओळखली, कौतुक केलं आणि म्हणाले की आता छत्री बरोबर आहे, पण शाळेच्या पत्र्याच्या पेटीत पेन्सिलीचा भुसा साठतो, त्याची उणीव वाटते. मग सोळाव्याला भुसा. सतराव्याला न्हाव्याच्या दुकानातला जुना टॉवेल. अठराव्याला, ज्या खोलीत नुकताच कोणीतरी दिवा विझवलाय ती खोली. विमावाल्यांचं मत पडलं की गिऱ्हाईक वेडं आहे, गिऱ्हाईक बदला. नाकवाल्यांना उलट अभिमान वाटला. आपल्याच घरात असली जीभ होती आणि ती चाळीस वर्षं लेथवर वाया गेली.

बेचाळिसाव्या दिवशी सव्विसावा नमुना वहीत नोंदवून दोघे डॉक्टरांकडे गेले. नाकवाल्यांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, काखेत वही होती. दादांनी यंत्रात फुंकलं.

एकतीस.

डॉक्टरांनी यंत्र झटकलं, नळी बदलली, पुन्हा फुंकायला लावलं. एकतीस. तेव्हा नाकवाल्यांनी खुलासा म्हणून वही पुढे केली. डॉक्टरांनी पानं उलटली. मूळ नमुन्याच्या रकान्यात तारीख, वेळ, संख्या, सगळं स्वच्छ अक्षरात होतं. इतकी व्यवस्थित नोंद त्यांनी कोणत्याही रुग्णाकडून पाहिली नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि यंत्र नाकवाल्यांपुढे धरलं. नाकवाल्यांनी फुंकलं. सात.

"तुम्ही कधीपासून ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

आयुष्यभर नाकाला जपलेल्या माणसाला याहून मोठा अपमान सोसावा लागला नसेल. पण त्याचा विचार करायला त्यांना सवड मिळाली नाही, कारण डॉक्टर तोवर कॅलेंडर उलटत होते. तारीख देता येणार नव्हती. आता पुन्हा सहा आठवडे, आज या मिनिटापासून. ते नाकवाल्यांवर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर बायकोने वही, बाटल्या, पुड्या आणि कागदाच्या पट्ट्या जळक्या कुकरात भरल्या, झाकण लावलं आणि कुकर माळ्यावर ठेवून दिला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. दादांनी खिशातलं पाकीट तिच्या हातात दिलं आणि त्या दिवसापासून सिगारेट सोडली.

कशी सोडली ते कळलं नाही. चिडचिड नाही, डिंक नाही, पुडी नाही. कोणी गावाहून परत यावं तसे ते त्या सवयीतून परत आले आणि खोलीत जाऊन बसले. नाकवाल्यांना याचा आनंद झाला, आणि मनाच्या एका कोपऱ्यात थोडं लागलंही. सव्वीस नमुने करून जे झालं नाही ते नुसत्या हो म्हणण्याने झालं होतं. हे इतकं सोपं असेल तर आधी का नाही, असा प्रश्न त्यांना दोन-तीनदा पडला. तो त्यांनी विचारला नाही. साडेनऊला दादा केस विंचरून तयार होत, मग आठवून पुन्हा बसत. भाऊ एकमेकांना पेपरची पानं देत. दुसरं बोलण्यासारखं काही निघत नसे.

सहा आठवडे झाले. यंत्राने दोन दाखवलं. डॉक्टरांनी पहिल्यांदाच शाबास म्हटलं आणि शस्त्रक्रियेआधीचा फोटो काढायला पाठवलं. तो फोटो काचेवर लागल्यावर त्यांनी पेन काढलं. पेनाचं टोक डाव्या बाजूला गेलं, मग मधोमध आलं, मग उजवीकडेही एका जागी थांबलं. आता कापण्यात अर्थ नाही, ते म्हणाले. औषधं देऊ, त्रास कमी ठेवू. नाकवाल्यांनी विचारलं, सहा आठवड्यांपूर्वी कापलं असतं तर? सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. हा प्रकार वेगाने वाढणारा आहे, फार फरक पडला नसता.

उठताना दादांनी त्यांना विचारलं की मग आता ओढणं बंदच ठेवायचं का. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. "आता तुमच्यावर सक्ती नाही," ते म्हणाले.

येताना नाकवाल्यांनी रिक्षा कोपऱ्यावर थांबवली, उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा सिगारेटचं पाकीट विकत घेतलं. कोणती, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, आणि वर तिच्या तळातली चवही सांगितली.

दादा तिसऱ्या मजल्यावर पोचायला चार वेळा थांबले. वर आल्यावर ते दाराकडे वळले नाहीत. सवयीने जिन्यातल्या खिडकीपाशी गेले आणि भिंतीवरच्या डागाला खांदा टेकला. डाग बरोबर त्यांच्या मापाचा होता. नाकवाले शेजारी उभे राहिले. पाकीट दोघांच्या मध्ये कठड्यावर होतं.

"चौदावा बरोबर होता," दादा म्हणाले.

"काय?"

"तुझा चौदावा. हुबेहूब होता. तोंडात ठेवला आणि वाटलं, पेटवली कोणी."

नाकवाल्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. "मग छत्री?"

"काहीतरी सांगायला हवं होतं. बरोबर आहे म्हटलं असतं, तर तू वही मिटली असतीस." दादांनी गंजक्या डब्याकडे पाहिलं. "आणि मी पुन्हा इथं. अडतीस वर्षं इथं उभा आहे, धाकट्या. तू एकदा तरी बाहेर आलास?"

नाकवाले कठड्यावर बोटाने मोजू लागले. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता, तो त्यांना थांबवता येईना. चौदावा तिसाव्या दिवशी. सव्विसावा बेचाळिसाव्या.

"बारा दिवस तुझे," ते शेवटी म्हणाले. "तीस माझे."

"डॉक्टर म्हणाले ना, फार फरक पडला नसता."

"'फार' म्हणाले. 'अजिबात' म्हणाले नाहीत."

दादा हसले, मग खोकले, मग खोकला संपेपर्यंत कठडा धरून उभे राहिले. खालून विमावाले वर येत होते. त्यांच्या ओळखीत असाच एक फोटो होता आणि तो पुढे पूर्ण चुकीचा निघाला होता, हे ते सांगणार होते; पण दोघांचे चेहरे पाहून त्यांनी ते सांगितलं नाही आणि काही विसरल्यासारखं करून खाली उतरले. त्यांच्या आयुष्यातला हा बहुधा एकमेव न दिलेला सल्ला असावा.

नाकवाल्यांनी पाकीट उचललं. "आत चल," ते म्हणाले.

"घरात वास राहील."

"राहू दे."

बायकोने दार उघडलं. तिने दोघांकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. स्टूल घेऊन ती माळ्यावरचा कुकर काढायला गेली. कुकर टेबलावर आला, त्यातून वही निघाली, पट्ट्या निघाल्या. नाकवाल्यांनी स्वयंपाकघराची खिडकी लावली. दाराखाली फडकं सरकवलं. दादा आपल्या खुर्चीवर बसले, शर्टाची कॉलर नीट केली. काडी नाकवाल्यांनी ओढली. पहिली विझली, दुसरी मोडली, तिसरी पेटली.

धूर वर गेला आणि दिव्याखाली थांबला. नाकवाल्यांनी नवं पान काढलं, तारीख घातली, समास आखला, पेन टेकवलं.

"कसं लागतंय?" त्यांनी विचारलं.

दादांनी घाई केली नाही. डोळे मिटले, धूर तोंडात धरला, हळूच सोडला आणि जाणकार माणसासारखा विचार केला.

"थोडं कमी आहे," ते म्हणाले.